साइटला विचारा, मग आपला आठवडा आखा

मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या दोन्ही अंगांना रीडेव्हलपमेंट चालू आहे आणि मी घरून जीएसटीची कामं करते. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न), आणि मधल्या दिवसांत "ताई, पोर्टलवर नोटीस दिसतेय" असे फोन. ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं मशीन, थांबायची वाट बघत बसलं तर लेट फी ठरलेली. त्यामुळे ज्यांच्याकडे हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी साइट सुपरवायझरचा नंबर मिळवा. तो सकाळी काम सुरू व्हायच्या आधी टपरीवर चहाला सापडतो. त्याला "आवाज जरा कमी करा" म्हणू नका. तो "हो मॅडम" म्हणेल आणि विषय तिथेच संपेल. "दादा, उद्या काय आहे?" एवढंच विचारा. मशीन आणि माणसं आदल्या दिवशीच ठरवावी लागतात, त्यामुळे याचं उत्तर त्याच्याकडे असतंच. मी रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, तोही दोन शब्दांत कळवतो.

ते दोन शब्द वाचता आले पाहिजेत. "ब्रेकर" म्हणजे फोन विसरा. आकडे जुळवायची, डोकं कमी लागणारी कामं काढा. "पायलिंग", म्हणजे पायाचे खांब जमिनीत खोल घालायचं काम, असलं की दिवसभर घरघर आणि टेबलाला हादरे, पण आवाज एकसुरी, थोड्या वेळाने कान सरावतात. "सळया बांधणार" आलं की मी खूश होते. कटर मधूनमधून किंचाळतो, बाकी शांतता, म्हणून नोटिशींची उत्तरं त्या दिवशी लिहिते. "सेंटरिंग खोलणार", म्हणजे स्लॅबखालचा साचा काढणार, हा मात्र फसवा दिवस. तासभर काही नाही आणि मग साच्याची प्लेट धाडकन खाली. त्या दिवशी गरम चहा लॅपटॉपपासून लांब.

"स्लॅब" आलं तर रात्रीचंही गृहीत धरा. स्लॅब भरायला घेतला की मध्येच सोडता येत नाही. आधीचं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं की नवं त्याला नीट धरत नाही आणि जोड कच्चा राहतो. काँक्रीट आणणारा मिक्सर ट्रक ट्रॅफिकमध्ये अडकला की सगळंच लांबतं. २० तारखेच्या आसपास स्लॅब असेल तर माझी रिटर्न्स दोन दिवस आधी जातात.

फोनसाठी एक ते दोन ही साइटची जेवणाची सुट्टी राखून ठेवा आणि तसं सगळ्यांना कळवून टाका. माझी बहुतेक गिऱ्हाइकं दुकानदार आहेत, दुपारी त्यांच्याकडेही गर्दी नसते, त्यामुळे कुणाचं अडत नाही. त्या वेळेबाहेर बोलावंच लागलं तर तोंडाजवळ माइक असलेला वायरचा हेडफोन लावा. लॅपटॉपचा माइक अख्खी साइट मीटिंगमध्ये आणतो. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पार्श्वभूमीचा आवाज कमी करायची सोय आहे, ती 'हाय'वर ठेवा.

आता खोली. फोनवर डेसिबलचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या आणि ब्रेकर चालू असताना घरभर फिरा. आकडा तंतोतंत नसतो, पण कुठली जागा बरी हे कळतं. साधारण १० डेसिबलचा फरक म्हणजे कानाला आवाज निम्मा. आमच्याकडे फ्रिजमागचा पॅसेज जिंकला, तिथे आता घडीचं टेबल आहे.

खिडकीच्या बाबतीत फटी आधी बुजवा. सरकत्या खिडकीच्या कडेला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी रबर किंवा फोमची चिकटपट्टी लावा. जाड पडद्याने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा फारसा अडत नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला देणाऱ्या काकांना नमस्कार करून पुढे जा.

महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पायलिंगच्या घरघरीवर छान चालतात, ब्रेकरच्या ठोक्यांवर तितकेसे नाहीत. तिथे फोमचे स्वस्त बोळे उजवे, फक्त घालायची पद्धत हवी: बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा.

कायदाही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि त्या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला मनाई आहे. दिवसाच्या तक्रारीत मोजणीवरून वाद होतो, रात्रीच्या तक्रारीत घड्याळ पुरतं. मी आधी सुपरवायझरला फोन करते. "शेवटची गाडी आहे" म्हणाला तर ती रिकामी होईपर्यंत थांबते. त्यानंतरही काँक्रीटचा पंप चालू राहिला तर वेळ दिसेल असा व्हिडिओ काढायचा आणि ११२ लावायचा.