१ एप्रिलपासून साठा सॉफ्टवेअरवर घ्यायचा असेल, तर गोडाऊनमधली ही तयारी आधी

दुकान मशीद बंदरला आणि माल भिवंडीत, ही मुंबईच्या घाऊक धंद्यातली नेहमीची मांडणी. वहीत आवक, जावक, शिल्लक एवढं लिहून भागतं. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक नोंदीला विचारतं की माल कुठून निघाला आणि कुठे पोचला. म्हणून आयटमची यादी बनवण्याआधी जागांची यादी बनवावी. तीत गोडाऊन आणि गाळा तर येतीलच, पण आणखी चार जागा लागतात: 'वाटेत', 'तपासणी', 'खराब माल' आणि 'जॉबवर्कवाल्याकडे' (आपला माल प्रक्रियेसाठी ज्याच्याकडे पाठवतो तो). 'वाटेत' ही जागा नसली की भिवंडीहून दुपारी निघालेला टेम्पो ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना तोच माल दोन्हीकडे दिसतो किंवा कुठेच दिसत नाही. जावक नोंदीने माल 'वाटेत' टाकायचा, आणि गाळ्यावर पेट्या मोजून घेणाऱ्याने तिथून उतरवायचा. दोन पेट्या कमी भरल्या तर त्या 'वाटेत' अडकून राहतात आणि कोणाला विचारायचं ते लगेच कळतं.

एकाच जीएसटी क्रमांकाखाली, राज्यातल्या राज्यात गोडाऊनहून गाळ्यावर नेलेला माल म्हणजे विक्री नव्हे. त्यावर बिल फाडू नये, डिलिव्हरी चलान करावं. महाराष्ट्रांतर्गत मालाची किंमत १ लाखाच्या वर गेली की ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचं पत्रक) लागतं, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. गोडाऊनचा पत्ता नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून चढवला आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावं.

मग एकक. सर्वात लहान जे विकता तेच मूळ एकक ठेवा. पीस विकत असाल तर पीस, आणि पेटी म्हणजे २४ पीस हा त्यावरचा हिशोब. कंपनीने उद्या २० ची पेटी आणली तर जुना आकडा बदलू नका. काही सॉफ्टवेअर तो बदलू देत नाहीत. जी देतात, त्यांत जुन्या पेट्यांची शिल्लक एका फटक्यात चुकते. नव्या पॅकिंगला नवा कोड द्यावा. कापडाच्या ठाणांना प्रत्येक ठाणाचे मीटर वेगळे नोंदवावे लागतात, तिथे सरासरी धरून चालत नाही.

लेबल चिकटवण्याआधी प्रत्येक रॅकला ओळ, रॅक, कप्पा अशा क्रमाने कोड द्यावा, उदाहरणार्थ अ-०३-०२. थर्मल कागदाची साधी लेबलं पत्र्याच्या छपराखालच्या उन्हाळ्यात काळवंडतात, म्हणून रॅकवर शाईच्या रिबनने छापलेली लेबलं हवीत. खालच्या कप्प्यांनाही कोड द्यावा. पावसाळ्यापूर्वी तिथला माल वर चढतो आणि ही हलवाहलव कोणी नोंदवत नाही. मग माल असून सापडत नाही, आणि असलेलाच पुन्हा मागवला जातो.

सुरुवातीच्या शिल्लकीची मोजणी हा सगळ्यात जड भाग, इथे घाई नको. ३१ मार्चला संध्याकाळी आवक-जावक थांबवून शेवटच्या आवक नोंदीचा आणि शेवटच्या चलानाचा नंबर लिहून घ्यावा. त्यानंतर आलेली गाडी दारातच वेगळी उभी करावी. मोजणाऱ्याच्या कागदावर वहीतला आकडा छापू नये, नाहीतर बहुतेक मोजणी त्याच आकड्यावर येऊन थांबते. दोन जोड्यांनी स्वतंत्र मोजावं, आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याने. मोजलेल्या थप्पीवर चिठ्ठी लावावी. थप्पीच्या मधली जागा पोकळ आहे का आणि उघडलेल्या पेट्यांत पीस किती, हे हात घालून पाहावं. बाहेरून रांगा गुणून आलेला आकडा धरू नये. नट-बोल्टसारखा बारीक माल १०० नगांचं वजन घेऊन काट्यावर मोजता येतो.

चालू कामात सगळ्यात जास्त नुकसान उशिरा केलेल्या आवक नोंदीने होतं. समजा, १ तारखेला ५० रुपये दराने १०० पीस आहेत आणि ५ तारखेला ६० च्या दराने आणखी १०० आले. ८ तारखेला १२० पीस विकले गेले, पण ५ ची आवक चढवली १० तारखेला. ८ ला शिल्लक उणे २० दिसते आणि विकलेल्या मालाची किंमत ५० ने, म्हणजे ६,००० पडते. चालत्या सरासरीने, म्हणजे जुना-नवा माल मिळून निघणाऱ्या सरासरी दराने, खरी किंमत १२० गुणिले ५५, म्हणजे ६,६००. एवढ्या एका नोंदीत नफा ६०० रुपयांनी फुगतो. म्हणून गाडी खाली होताना, बिल यायची वाट न पाहता, चलानावरून आवक करावी आणि शिल्लक उणे जाणारी विक्री सॉफ्टवेअरने अडवण्याची सोय चालूच ठेवावी. भर गर्दीत ती बंद करायचा मोह फार होतो.

परत आलेला माल थेट विक्रीच्या कप्प्यात घेऊ नये, आधी 'तपासणी'त घ्यावा. फुटला, भिजला, चोरीला गेला किंवा नमुना म्हणून फुकट दिला, तर प्रत्येकासाठी कारणाचा वेगळा पर्याय आधीच भरून ठेवा. अशा मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, उलटवावं लागतं, आणि जीएसटीचा नियम ५६ हरवलेल्या व नष्ट झालेल्या मालाचा हिशोबही मागतो. सगळंच 'समायोजन' या एका नावाखाली टाकलं की सीएला वर्षाखेरीस काहीच वेगळं काढता येत नाही. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाची तारीख दिसत राहील अशी सोय करा, कारण कच्चा माल १ वर्षात परत यायला हवा.

भिवंडीत नेट गेलं तर स्कॅनर नोंदी साठवून नंतर पाठवतो का, आणि त्या दोनदा चढत नाहीत ना, हे नेट मुद्दाम बंद करून एकदा तपासा. माल मोजणाऱ्याने स्वतःच फरक मंजूर करू नये. गणपतीत गोडाऊनची निम्मी माणसं गावी जातात, तेव्हा बदली माणूस जाणाऱ्याच्याच पासवर्डने काम करतो. बदलीवाल्यांची लॉगिनं आत्ताच वेगळी काढून ठेवा आणि त्यांना मंजुरीचा अधिकार देऊ नका.