न्यूझीलंडमध्ये जमिनीचा तुकडा पाडताना कौन्सिलची अट पटली नाही, तर

आमची वायकाटोतली 5 हेक्टर जमीन. दिराला घर बांधता यावं म्हणून त्यातून 8,000 चौरस मीटरचा तुकडा वेगळा काढायचा होता. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचं, परवानगीचं पत्र 12 डिसेंबर 2024 ला ईमेलने आलं. घरात आनंद झाला, यांनी लगेच साताऱ्याला फोन लावला. रात्री मी निवांत बसून सगळ्या 23 अटी वाचल्या आणि 14 व्या अटीवर अडकले. आमच्या फाटकापुढचा 140 मीटर सार्वजनिक रस्ता आम्ही आमच्या खर्चाने रुंद करून डांबरी करून द्यायचा होता. घर वाढणार होतं एकच. ठेकेदाराने अंदाज सांगितला 80,000 डॉलर.

अशा वेळी बरेच जण एकतर निमूटपणे पैसे भरतात, नाहीतर रागाच्या भरात तीन पानी ईमेल पाठवतात. दोन्ही करू नका. आधी कॅलेंडर काढा.

इथल्या 1991 च्या रिसोर्स मॅनेजमेंट कायद्यात हरकत घ्यायला निर्णय मिळाल्यापासून कामाचे 15 दिवस मिळतात. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या त्यात धरत नाहीत, आणि 20 डिसेंबर ते 10 जानेवारी हा काळही पूर्ण वगळतात. आमचा पंधरावा दिवस त्यामुळे 24 जानेवारीला आला. हे माहीत नसतं तर मी ऐन नाताळात घाबरून काहीतरी खरडून पाठवलं असतं. तुमची तारीख कौन्सिलकडून ईमेलवर लेखी मागून घ्या. हा कायदा बदलायचं काम सरकारने हाती घेतलेलं आहे, म्हणून तुमच्या अर्जाला कुठले नियम लागू आहेत हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

हरकत दोन दारांनी घेता येते. तुमचा अर्ज लोकांसाठी जाहीर केला नसेल, किंवा जाहीर होऊनही कोणी म्हणणं मांडलं नसेल, तर कलम 357 ए खाली कौन्सिलकडेच हरकत घ्या. ती ऐकायला बाहेरचा स्वतंत्र कमिशनर नेमा अशी विनंतीही करता येते. दुसरं दार थेट एन्व्हायर्न्मेंट कोर्टाचं. त्यालाही तेच 15 दिवस आहेत, पण खर्च आणि वेळ कितीतरी जास्त. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं दार उघडं असेल तर कोर्टात धावू नये. कौन्सिलने हरकत फेटाळली तर कोर्टाचा रस्ता पुढे असतोच, आणि कोर्टही बहुधा आधी मध्यस्थीलाच बसवतं.

मग अटींचे तीन ढीग करा. मान्य असलेल्या, चूक राहून गेलेल्या आणि मुळातच न पटणाऱ्या. आग विझवण्यासाठी 45,000 लिटर पाण्याची टाकी ठेवायची अट पाहून दीर चिडला होता. पण जिथे नळाचं पाणी नाही तिथल्या घराला अग्निशमनाच्या मानकात हाच आकडा आहे आणि तो रास्त आहे. लाकडी घर पेटलं तर बंबाला पाणी कुठून मिळणार? ती अट आम्ही मान्य केली. फक्त त्यात प्लॉटचा क्रमांक चुकून आमच्या जुन्या घराचा पडला होता. अशा किरकोळ चुका कौन्सिल परवानगी दिल्यापासून कामाच्या 20 दिवसांत स्वतः दुरुस्त करू शकतं. एका फोनवर ते काम झालं. डेव्हलपमेंट काँट्रिब्यूशनच्या, म्हणजे रस्ते-पाण्यासारख्या सोयींच्या खर्चासाठी कौन्सिल घेतं त्या, रकमेबद्दल तक्रार असेल तर ती या हरकतीत घुसडू नका. तो वेगळा कायदा आहे, आणि फेरविचार मागायला तिथे कामाचे 10 च दिवस मिळतात.

उरली अट 14. इथे कलम 108 एए नीट समजून घ्या. तुम्ही स्वतः मान्य केलेली नसेल, तर अटीचा थेट संबंध तुमच्या कामामुळे होणाऱ्या परिणामाशी किंवा लागू असलेल्या नियमाशी असावा लागतो. कारभारापुरत्या किरकोळ बाबी तेवढ्या वेगळ्या. म्हणजे प्रश्न पैशांचा नसतो, संबंधाचा असतो. ‘आम्हाला परवडत नाही’ हे वाक्य हरकतीत कुठेही लिहू नका. ‘एका घराच्या रहदारीचा या 140 मीटरशी काय संबंध?’ हे विचारा.

पण विचारून थांबू नका, आणि मला सांगायचं आहे ते हेच. नुसतं ‘नको’ म्हटलं तर समोरच्या माणसाच्या हातात काहीच राहत नाही. त्याने ती अट कुठल्या तरी काळजीपोटी घातलेली असते. ती काळजी शोधून काढा आणि तिचं उत्तर देणारी दुसरी अट स्वतः लिहून द्या.

मी प्लॅनरला, म्हणजे आमचा अर्ज पाहणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याला, फोन करून त्यांच्या रस्त्याच्या इंजिनिअरचा मूळ शेरा मागवला. दोनच ओळी होत्या, त्यात कारण नव्हतं. म्हणून जानेवारीत त्या इंजिनिअरलाच फाटकाशी बोलावलं. आमचे मोजणीदार टेप घेऊन आले. डांबराची कड हाताने उचलली तर चतकोर तुकडा निघून आला, खाली नुसती खडी. आम्ही उभे असतानाच दुधाचा टँकर वळणावरून आला आणि त्याची मागची चाकं त्या कडेवरून गेली. इंजिनिअर म्हणाला, काळजी याचीच आहे. तुमच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीला टँकर वेळेवर दिसत नाही. मी वळून पाहिलं. दिसत नव्हता तो आमच्याच बारबेरीच्या काटेरी कुंपणामुळे. छातीएवढं वाढलेलं, पार वळणापर्यंत गेलेलं. रस्ता रुंद करूनही ते आडवं राहिलंच असतं!

हरकत मग दोन पानांची झाली. अटीचा क्रमांक, तिचा संबंध का लागत नाही ते चार वाक्यांत, आमच्या बाजूने रहदारीच्या इंजिनिअरचं एक पानी पत्र, फाटकातून दोन्ही बाजूंना काढलेले फोटो, आणि शेवटी आमची अट, कौन्सिलच्याच भाषेत: ‘फाटकाचा प्रवेशमार्ग कौन्सिलच्या मानकाप्रमाणे रुंद व डांबरी करावा, नकाशात दाखवलेल्या दृष्टिरेषेतली झाडं 1 मीटरपेक्षा कमी उंचीची ठेवावीत.’ मोजणीदारांनी तो नकाशा जोडला. 22 जानेवारीला पाठवून पोच घेतली. पोच घ्याच.

सुनावणीपर्यंत प्रकरण गेलंच नाही. प्लॅनरचे दोन फोन आले, एका शब्दावरून थोडी ओढाताण झाली, आणि हरकत अंशतः मान्य झाली. कौन्सिल पूर्ण, अंशतः किंवा अजिबात मान्य करू शकतं, म्हणून कुठपर्यंत तडजोड चालेल हे घरात आधीच बोलून ठेवा. आम्हाला एकूण साडेअकरा हजार डॉलर खर्च आला.

नव्या तुकड्याचा मोजणी नकाशा नोंदवायच्या आधी अटी पुन्हा एकदा वाचा. अट बदलायचा कलम 127 चा अर्ज त्याआधीच करता येतो. आणि कायम पाळायच्या अटी ‘कन्सेंट नोटीस’ म्हणून जमिनीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या नोंदीवर, चढतात, उद्या जमीन विकली तरी घेणाऱ्यावर बंधनकारक राहतात. वकिलाला काही दाखवायचंच असेल तर ही नोटीस दाखवा. आमच्या टायटलवर आता बारबेरीची अट आहे. या उन्हाळ्यात दिराने बारबेरी पहिल्यांदा गुडघ्याएवढी कापली, आणि फाटकात गाडी थांबवली की वळणावरचा टँकर पुलापासूनच दिसतो.