टेलिस्कोपचा टाईम मागताय? सोर्सेस कापा, तास कापू नका

सोलापुरात राहून जीएमआरटीचा, म्हणजे पुण्याजवळच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा, टाईम मागता येतो का, असं एमएस्सीची पोरं मला सारखी विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. येतो की! जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेचं प्रपोजल पोर्टल आहे, नॅप्स म्हणतात त्याला, त्यात अकाउंट काढायचं, प्रपोजल भरायचं, सबमिट. पुण्या-मुंबईच्या मोठ्या इन्स्टिट्यूटचा शिक्का लागतो हा निव्वळ गैरसमज आहे. जगभरातले लोक तिथे अर्ज करतात आणि त्यांच्या अर्जांच्या गठ्ठ्यात तुमचाही जातो. कॉलेजात धड चालणारी आठ इंची दुर्बीण नसली तरी नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत आणि त्यांना तुमचं कॉलेज कुठलं याच्याशी काही देणंघेणं नाही.

मी रेडिओवाली आहे, गॅलक्सी क्लस्टरमधल्या, म्हणजे दीर्घिकांच्या थव्यातल्या, शेपटीवाल्या रेडिओ गॅलक्सींवर काम करते, त्यामुळे उदाहरणं त्याच बाजूची येणार. ऑप्टिकलवाल्यांसाठी मध्येमध्ये लिहिते, पण थोडंच.

आधी कॅलेंडर. जीएमआरटीचे वर्षात दोन सायकल, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. अर्ज त्याच्या आधी साधारण जानेवारीत आणि जुलैत घेतात. आता सोलापूरकरांच्या लक्षात आलं असेल, एक डेडलाईन गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला आणि दुसरी आषाढीच्या आगेमागे. घरात पाहुणे, रस्ते बंद, कॉलेजला सुट्टी, आणि तुम्ही कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन आकृतीचे अक्ष सरळ करताय. हे होणारच, म्हणून विज्ञानाचा भाग दिवाळीतच लिहून ठेवा. परदेशी टेलिस्कोपची डेडलाईन असेल तर वेळ कुठली लिहिलीय ते नीट बघा, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर आपले साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे तिकडचे दुपारचे १२ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, रात्रीचे बारा नव्हे. यावर जास्त बोलत नाही, ज्याचं गेलंय त्याला माहितीय.

आता मुद्द्याचं, आणि हे जरा लांबणार आहे.

आपल्याकडे नवीन माणसाला पहिला सल्ला काय मिळतो, तर "तू नवीन आहेस, कमी तास माग, थोडक्यात बसतंय म्हणून देऊन टाकतील." मला एका सिनियरने हाच दिला होता, मनापासून दिला होता, आणि माझं पहिलं प्रपोजल त्याच्यावरच पडलं. टाईम वाटणाऱ्या कमिटीची कॉमेंट एका ओळीची होती, मागितलेल्या वेळात ठरवलेलं उद्दिष्ट गाठता येणार नाही. विज्ञान आवडलं होतं त्यांना! निवडलेले सोर्सेस, म्हणजे बघायच्या वस्तू, त्याही आवडल्या होत्या! फक्त वेळ कमी मागितला म्हणून नाही. दोन दिवस माझं डोकं चालेना, कारण लक्ष्मी मंडईत भाव करायची सवय लागलेल्या माणसाला कमी मागितल्यावर नाही कसं म्हणतात हेच कळत नाही.

तर का म्हणतात ते बघा. नॉईज, म्हणजे इमेजमधली खरखर, तासांच्या वर्गमुळाने कमी होतो. हे तुम्हाला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय, पण प्रपोजल लिहिताना कुणी त्याचा हिशोब करत नाही. समजा तुमच्या गॅलक्सीची शेपटी प्रत्येक बीममध्ये (दुर्बिणीला वेगळा दिसणारा सगळ्यात लहान ठिपका) १०० मायक्रोजान्स्की (रेडिओ तेज मोजायचं एकक) एवढी मंद असेल असा अंदाज आहे, आणि ती ५ सिग्माला, म्हणजे नॉईजच्या पाचपट, दिसायला हवी. म्हणजे तुम्हाला २० मायक्रोजान्स्कीचा नॉईज लागणार. समजा त्याला ८ तास लागतात. आता नम्रपणे ४ मागितले तर ५ सिग्माचे साडेतीन होतात. अजून नम्रपणे २ मागितले तर अडीच. अडीच सिग्माची शेपटी म्हणजे नुसता डाग, त्याच्यावर स्पेक्ट्रल इंडेक्स (फ्रीक्वेन्सीबरोबर तेज कसं बदलतं त्याचा आकडा) काढायला गेलात तर एरर बार शेपटीपेक्षा लांब येईल. म्हणजे ते २ तास पूर्ण वाया, आणि वाया जाणारे २ तास देण्यापेक्षा उपयोगी पडणारे ८ तास देणं कमिटीला परवडतं. आणि उलटा हिशोबही करा, ३ सिग्माचं ५ करायचं तर वेळ पावणेतीन पट लागतो. पुढच्या सायकलला थोडं मागून भर घालू असं म्हणाल तर ते थोडं नसतं.

बरं हे झालं नुसत्या नॉईजचं. इंटरफेरोमीटरला, म्हणजे अनेक अँटेना जोडून केलेल्या दुर्बिणीला, दुसरीही भानगड आहे. ३० अँटेनांच्या मिळून ४३५ जोड्या होतात, पण १४ अँटेना मधल्या एक किलोमीटरच्या चौकात दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ वाय आकाराच्या तीन हातांवर पसरलेल्या, सगळ्यात लांबची जोडी पार २५ किलोमीटरची. अर्ध्या तासाचा तुकडा घेतला तर युव्ही प्लेनमध्ये (जोड्यांची लांबी आणि दिशा मांडलेला नकाशा) त्या वायचा ठसा उमटतो आणि मोठाली भोकं राहतात. पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा बदलतात आणि भोकं भरत जातात, म्हणून पसरट, मंद, वेडीवाकडी वस्तू बघायची तर सलग काही तास पाहिजेतच. ठळक बिंदूसारखा सोर्स असेल तर थोडक्यात भागतं, शेपटीला भागत नाही. हे वाक्य टेक्निकल जस्टिफिकेशनमध्ये आलंच पाहिजे, आपण हे समजून मागतोय हे कमिटीला दिसायला लागतं.

आणि ओव्हरहेड! १० तास दिले म्हणजे १० तास सोर्सवर नाही. सुरुवातीला आणि शेवटी थ्रीसी ४८, थ्रीसी १४७ किंवा थ्रीसी २८६ पैकी जो वर असेल तो फ्लक्स कॅलिब्रेटर (तेज आधीच माहीत असलेला सोर्स), मग दर अर्ध्या-पाऊण तासाने चार-पाच मिनिटं फेज कॅलिब्रेटर, अँटेना वळायला वेळ, सेटअपला वेळ. त्याच्यावर आरएफआयमुळे, म्हणजे माणसांच्या उपकरणांच्या रेडिओ गोंधळामुळे, काही डेटा फेकून द्यावा लागणार तो वेगळा. ईटीसीमध्ये, म्हणजे किती तास लागतील ते काढायच्या कॅल्क्युलेटरमध्ये, याच कारणासाठी फज फॅक्टर नावाचा एक रकाना आहे, तो नवीन पोरं १ ठेवतात कारण त्याने आकडा गोंडस येतो. नका ठेवू. तांत्रिक बाजू तपासणारा माणूस पहिल्यांदा तोच बघतो.

मग जास्तीच मागायचं का? तसंही नाही बे. भाव पाडतील म्हणून आधीच दुप्पट मागणारेही असतात, तेही पकडले जातात, कारण समोरच्याने तोच ईटीसी उघडलेला असतो. हिशोब करा, जो आकडा येईल तो मागा, आणि तो कसा आला हे तीन ओळीत लिहा. आकडा फार मोठा वाटत असेल तर सोर्सेस कमी करा. माझ्या यादीत बरेच क्लस्टर होते, प्रत्येकाला अपुरा वेळ दिलेला. पुढच्या खेपेला तीनच ठेवले, प्रत्येकाला पुरेसा वेळ, आणि सरळ लिहिलं की हा पायलट आहे, यात शेपटी दिसली तर उरलेल्यांसाठी परत येऊ. मिळाला की टाईम. जास्त तास मागून मिळाला.

मात्र ते तीन कुठले हे सांगता यायला हवं. "हे इंटरेस्टिंग आहेत" हे कारण होत नाही. सगळ्यात जवळचे आहेत, किंवा त्यांचाच एक्स-रे डेटा आहे, किंवा टीजीएसएस या रेडिओ सर्व्हेत १५० मेगाहर्ट्झला तिथे काहीतरी लांबट दिसतंय जे एनव्हीएसएस या दुसऱ्या सर्व्हेत १.४ गिगाहर्ट्झला गायब आहे, असं काहीतरी ठोस. टीजीएसएस तर जीएमआरटीचाच सर्व्हे आहे, आकाशाचा ९० टक्के भाग त्यात आहे, इमेजेस फुकट मिळतात, तेव्हा ते न बघता प्रपोजल लिहिणं म्हणजे आळस. आणि आर्काइव्ह! त्याच सोर्सवर त्याच बँडमध्ये कुणी आधीच डेटा घेतलाय का ते जीएमआरटीच्या ऑनलाईन आर्काइव्हमध्ये शोधा. असेल तर अर्जच करू नका, ठरावीक मुदतीनंतर तो सगळ्यांना खुला होतो, काढा आणि पेपर लिहा. मला तर वाटतं प्रत्येक नवीन विद्यार्थ्याने आधी एक आर्काइव्हचा डेटा कासा सॉफ्टवेअरमध्ये घालून इमेज करून बघितल्याशिवाय नवीन टाईम मागूच नये. हे मत बऱ्याच जणांना पटत नाही, नसेल पटत.

सोर्स वर कधी असतो हेही बघायचं असतं हे सांगायला लागू नये, पण लागतं. अँटेना क्षितिजापासून १७ अंशांच्या खाली वाकत नाहीत. खोडदचं अक्षांश साधारण १९, म्हणजे उणे ५३ डेक्लिनेशनपर्यंत (डेक्लिनेशन म्हणजे आकाशातलं अक्षांश) कागदावर दिसतं, पण उणे ४५चा सोर्स दिवसाकाठी जेमतेम पाच तास वर असतो. त्याला एका बैठकीत आठ तास मागितले तर हसतील. रेडिओला दिवस-रात्र चालतं हे खरं, पण त्या सायकलमध्ये सूर्य तुमच्या सोर्सच्या शेजारी बसलाय का ते बघा, आणि कमी फ्रीक्वेन्सीला रात्र मागा, आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, जरा शांत असतो.

ऑप्टिकलवाल्यांनो, तुमचं थोडक्यात. तास कापू नका हे तुम्हालाही लागू, वर चंद्राची भर. मंद वस्तू असेल तर डार्क नाईट, म्हणजे चंद्राचा उजेड नसलेली रात्र, मागा, ठळक ताऱ्याच्या स्पेक्ट्रमसाठी उगाच डार्क मागू नका, तिथे सगळ्यांची मारामारी असते. नैनितालजवळच्या देवस्थळचा ३.६ मीटर टेलिस्कोप पावसाळ्यात बंद असतो. हानलेचा २ मीटर चंद्रा टेलिस्कोप साडेचार हजार मीटर उंचीवर लडाखमध्ये आहे पण चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, म्हणजे सोलापूरहून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर, ऑक्सिजनची काळजी नको. पुण्याच्या आयुका संस्थेची साउथ आफ्रिकेतल्या सॉल्ट या मोठ्या टेलिस्कोपमध्ये भागीदारी आहे, पण त्याचा आरसा ठरलेल्या कोनात तिरका असतो, त्यामुळे एका वेळी सोर्स थोडाच काळ हाती लागतो. मोठा टेलिस्कोप आहे म्हणून नका मागू. २ मीटरवर होणारं काम १० मीटरवर मागितलं की पहिला प्रश्न तोच येतो आणि त्याला उत्तर नसतं.

गाईडबद्दल. मोठं नाव को-आय (सहअर्जदार) म्हणून टाकलं की टाईम मिळतो असं म्हणणारे प्रत्येक डिपार्टमेंटला एक-दोन असतात. हबल टेलिस्कोपने २०१८ मध्येच अर्जावरची नावं समितीपासून लपवायला सुरुवात केली, आता इतरही मोठ्या टेलिस्कोपांवर तसंच चालतं. तिथे "आमच्या आधीच्या कामात आम्ही दाखवल्याप्रमाणे" असं लिहिलंत तर नियम मोडला, "आधीच्या कामात दाखवलंय" एवढंच लिहायचं. नाव हवंच असेल तर अशा माणसाचं घ्या जो तुमचा ड्राफ्ट लाल करून परत पाठवेल. न वाचता "छान आहे, सबमिट कर" म्हणणारे सर टाळा, कितीही प्रेमळ असोत. आपल्या भागात असा माणूस सापडत नाही ही अडचण खरी आहे, मी ती भोगलीय. युनिव्हर्सिटी-कॉलेजच्या शिक्षकांसाठी आयुकाची असोसिएटशिप आहे, तुमचे कुणी सर किंवा मॅडम त्यात असतील तर त्यांच्या मागे लागा. नाहीतर हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जा, सेमिनार ऐका, चहाच्या वेळी धीर करून बोला. लोक बोलतात. पहिल्यांदा मला तर दरवाज्यातून आत जायचीच भीती वाटली होती, उगाच वाटली होती.

डीडीटी, म्हणजे डायरेक्टरच्या हातातला राखीव वेळ, हा मागचा दरवाजा आहे असं समजून नेहमीचं पडलेलं प्रपोजल तिकडे टाकू नका. अचानक काहीतरी पेटलं, आत्ताच बघायला हवं, पुढच्या सायकलपर्यंत थांबता येत नाही, अशा कामासाठी तो असतो. तुमची रेडिओ गॅलक्सी अजून काही कोटी वर्षं कुठे जात नाही. एआयकडून प्रपोजल लिहून घेणाऱ्यांना एवढंच सांगते की इंग्रजी सुधारून घ्या, हरकत नाही, पण तासांचा हिशोब स्वतः कागदावर करा.

वाचणारा माणूस तुमच्या विषयातला असेलच असं नाही. तो पल्सरवाला असेल, हायड्रोजनवाला असेल, त्या आठवड्यात त्याच्यापुढे ढीग असेल. पहिल्या परिच्छेदात प्रश्न काय, दुसऱ्यात तो याच टेलिस्कोपने का सुटतो, आणि एक आकृती जी झूम न करता वाचता येते. पडलं तर कॉमेंट्स छापून भिंतीला लावा. राग दोन दिवस येतो, येऊ दे. तिसऱ्या दिवशी दिसतं की अर्ध्या कॉमेंट्स बरोबर आहेत. पडलेलं प्रपोजल दुरुस्त करून परत टाकणं यात कसलीही लाज नाही, सगळे टाकतात, मोठे मोठे टाकतात, फक्त बोलून दाखवत नाहीत.

आणि मिळाल्यावरचं एक. कमांड फाईल, म्हणजे दुर्बिणीने कधी काय बघायचं त्याच्या सूचना, स्वतः बनवा, कोऑर्डिनेट्स दोनदा तपासा. खोडदला जाणार असाल तर मोबाईल बंद ठेवावा लागेल, घरी आधीच सांगा, नाहीतर आई काळजी करत बसते. डेटा शेकडो जीबीत येऊ शकतो, आमच्या कॉलेजच्या नेटवर तो उतरवायला गेलं तर लाईट जाण्याआधी निम्माही होत नाही, तेव्हा मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन ठेवा. जीएमआरटीच्या कच्च्या एलटीए फाईलपासून कासात चालणारी फिट्स फाईल करायला लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स हे प्रोग्रॅम लागतात, ते लिनक्सवर चालतात, म्हणून लॅपटॉपवर लिनक्स टाईम मिळायच्या आधीच टाका, डेटा आल्यावर नाही.