थायलंडमध्ये इंग्रजी शिकवण्याचे काम : अनुभव नसलेल्या नवख्यांसाठी

थायलंडमध्ये इंग्रजी शिकवण्याचे काम मिळेल का, अशी विचारणा पुण्या-नाशिकच्या आणि कोल्हापूर-सोलापूरच्या मुलामुलींकडून वरचेवर होते, आणि तिला बहुधा एक पुरवणी जोडलेली असते : "बी.एड. नाही आणि अनुभवही नाही." या दोन्हींवाचून येथे काम मिळते, हे खरे आहे. मात्र त्यावरून येथे येईल त्याला वर्गात उभे करतात, असा जो समज पसरला आहे, तो भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्याने आधी मनातून काढून टाकावा. कोणत्याही शाखेची पदवी, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, पोलिसांचा दाखला आणि कामासाठीचा व्हिसा या चार गोष्टींची तजवीज करून जो येतो, त्याचा निभाव लागतो. पर्यटक म्हणून उतरून "पुढचे पुढे पाहू" म्हणणाऱ्याची मात्र फरफट होते.

थायलंडच का, हेही सांगितले पाहिजे. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकांना मिळणारा ई-2 व्हिसा इंग्रजीसाठी प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. चीनचा कलही असाच मायभाषा इंग्रजी असलेल्या देशांकडे आहे. व्हिएतनाममध्ये पदवीबरोबर अध्यापनाचे प्रमाणपत्रही मागतात. कंबोडियात नियमांची अंमलबजावणी सैल आहे, पण पगारही बेताचे आहेत. थायलंडमध्ये भारतीयाला सरळ दारातून आत येता येते, फक्त ते दार अरुंद आहे.

पदवी इंग्रजी विषयातच हवी असे नाही, बी.कॉम. किंवा बी.एस्सी. चालते. पदवी प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका मूळ स्वरूपात जवळ ठेवाव्यात आणि त्यांवर आधी राज्य शासनाचे व मग परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन भारतातच उरकून घ्यावे, कारण परदेशात बसून हे काम कुरियर आणि नातेवाइकांच्या भरवशावर करणे फार त्रासाचे होते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या शिक्षकाला 990 गुणांच्या टोईक परीक्षेत निदान 600 गुण किंवा तत्सम अन्य परीक्षेचा निकाल दाखवावा लागतो. या निकालाची मुदत दोन वर्षे असते. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की ज्या मोजक्या देशांत कामाला जाण्यासाठी कमी शिकलेल्या कामगारांना भारत सरकारकडून उत्प्रवासाची परवानगी घ्यावी लागते, त्यांच्या यादीत थायलंडही आहे. दहावी उत्तीर्ण असणाऱ्याला ही अट लागू होत नाही, पण जुन्या पासपोर्टवर ही परवानगी लागते असा शिक्का राहून गेला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

120 तासांचे ऑनलाइन अध्यापन प्रमाणपत्र घ्यावे का, हा प्रश्न हमखास येतो. कायद्याला त्याची गरज नाही. अर्जावर ते बरे दिसते, एवढाच त्याचा उपयोग, म्हणून स्वस्तातले घ्यावे. चार आठवडे प्रत्यक्ष वर्गात शिकवायला लावणारे सेल्टासारखे अभ्यासक्रम महाग असले तरी त्यांतून खरोखर काही हाती लागते.

औपचारिक शाळेत शिकवायचे तर येथील शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसफाचा, परवाना लागतो. अध्यापनाची पदवी नसलेल्यांसाठी शाळा दोन वर्षांची तात्पुरती सवलत मागून घेते, आणि अनुभव नसलेल्याला आत येण्याची हीच वाट आहे. खासगी भाषाकेंद्रांना हा परवाना लागत नाही, पण तेथील तास संध्याकाळी व शनिवार-रविवारी असतात. सरकारी शाळांचे पहिले सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि दुसरे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते. म्हणून मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर हे भरतीचे महिने समजावेत.

जाहिरातींमध्ये "फक्त मायभाषा इंग्रजी असलेले" असे उघड लिहिलेले असते, अर्जासोबत छायाचित्र मागतात, आणि गोऱ्या चेहऱ्याला येथे जास्त पैसे मिळतात. त्याच वर्गात तेच पुस्तक शिकवणाऱ्या भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाला बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास पगार पडतो. हे अन्यायाचे आहे, पण आकडे ठरवताना ते गृहीत धरूनच बसावे लागते. यावर मला दिसलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे निव्वळ इंग्रजीच्या मागे न लागणे. अनेक थाई शाळांत इंग्रजी माध्यमाची स्वतंत्र तुकडी असते आणि तेथे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा माणूस लागतो. बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी केलेल्या मराठी मुलाकडे तेथे कोणी उच्चारावरून पाहत नाही. भारतीयांना गणित येते, हा येथला समज आपल्या पथ्यावर पडतो. बँकॉकऐवजी ईशान्येकडील खोन केन, उदोन थानी, उबोन या भागांतील शाळांकडे पाहिले तर स्पर्धाही कमी असते.

मुलाखतीत नमुना पाठ घ्यायला लावतात, आणि आपली बहुतेक मंडळी येथेच अडखळतात. समोर चाळीस-पंचेचाळीस मुले असतात, थाई शिक्षिका मागच्या बाकावर बसून पाहत असते, आणि आपल्यातला उमेदवार फळ्यावर काळांचा तक्ता मांडू लागतो, कारण तो स्वतः तसाच शिकलेला असतो. त्या शिक्षिकेला व्याकरण नको असते. ते तिचे ती थाईतून शिकवते. मुलांची तोंडे उघडतात का, एवढेच ती पाहत असते. फळांची सहा चित्रे न्यावीत, एकेक उंचावून शब्द तीनदा म्हणवून घ्यावा, मग वर्गाचे दोन गट पाडून चुरस लावावी. थाई मुले शब्दातले शेवटचे व्यंजन गिळतात आणि "र"च्या जागी "ल" म्हणतात, म्हणून "राइस" आणि "लाइस" यांचा खेळ त्यांना रमवतो. आपणही आपल्या "ट" आणि "ड"वर लक्ष ठेवावे, कारण मुले शिक्षकाचा उच्चार जसाच्या तसा उचलतात.

आता व्हिसाबद्दल. पर्यटकाला मिळणारी सवलत कामासाठी नसते. शाळा संबंधित सरकारी खात्याकडून पत्र घेते, त्यावर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा मिळतो. तो 90 दिवसांचा असतो, त्या काळात वर्क परमिट निघते आणि मग वर्षाची मुदतवाढ मिळते. "आधी शिकवायला लागा, कागद मागून करू" असे सांगणारा दलाल धोका तुमच्या गळ्यात घालत असतो. परवान्याशिवाय काम करताना सापडल्यास 5,000 ते 50,000 बात (थाई चलन) दंड, देशाबाहेर रवानगी आणि दोन वर्षे नवा परवाना बंद, अशी शिक्षा परक्या कामगाराला आहे.

याहून भयंकर प्रकार म्हणजे बनावट नोकऱ्यांचा. थायलंडमध्ये चांगल्या पगाराचे काम देतो म्हणून बोलावलेल्या भारतीयांना थायलंडच्या सीमेवरील माए सोट गावामार्गे सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडीला नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्येच याबाबत इशारा दिला होता, आणि मार्च 2025 मध्ये वायुदलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक जणांना माए सोटहून परत आणावे लागले. शाळा कधीही व्हिसा नसलेल्या माणसाचे विमानतिकीट स्वतःहून काढत नाही, टेलिग्रामवर मुलाखत घेत नाही, आणि विमानतळावरून रातोरात सीमेकडे गाडी धाडत नाही.

आल्यावर पहिला पगार हाती येईपर्यंत दोन महिने निभतील एवढे पैसे जवळ असावेत, कारण खोलीसाठी दोन महिन्यांची अनामत मागतात आणि वर्क परमिट होईपर्यंत बँका खाते उघडायला नाखूश असतात. शाकाहारी माणसाने "जे" (कडक शाकाहारी जेवण) हा शब्द आणि पिवळ्या झेंड्यावरची त्याची लाल अक्षरे ओळखायला शिकावे; तेथे मासळीचा सॉस नसतो, कांदा-लसूणही नसतो. डाळी, मसाले आणि पोह्यांसाठी बँकॉकमध्ये फाहुरत हा भारतीय बाजाराचा भाग आहे. सकाळी आठला शाळेच्या मैदानात राष्ट्रगीत लागते, तेव्हा स्तब्ध उभे राहावे. मुलांच्या डोक्यावर कौतुकानेही हात ठेवू नये. आणि राजघराण्याविषयी शिक्षकांच्या खोलीत गमतीनेसुद्धा बोलू नये, कारण त्यासाठी 3 ते 15 वर्षांचा तुरुंगवास कायद्यात आहे.

करारात पगार बारा महिन्यांचा आहे की दहाचा, हे आधी पाहावे. एजन्सीमार्फत घेतलेल्यांना मार्च-एप्रिलची सुट्टी बहुधा बिनपगारी जाते. नोकरी बदलताना तर विशेष जपावे. मुदतवाढ त्या नोकरीवर दिलेली असते, म्हणून नोकरीचा शेवटचा दिवस हाच मुक्कामाचाही शेवटचा दिवस ठरतो. इमिग्रेशन कार्यालयात 1,900 बात भरून फार तर सात दिवस वाढवून मिळतात. त्यामुळे दुसऱ्या शाळेचे पत्र हातात आल्याखेरीज राजीनामा देऊ नये, आणि दिल्यावर जुन्या शाळेकडून नोकरी सोडल्याचे पत्र त्याच दिवशी मागून घ्यावे.