घराभोवतीचा वाढता पूर निसर्गचित्रांत कसा उतरवावा

पुराचे चित्र काढायला बसले की हात आपोआप उसळत्या लाटांकडे आणि काळ्याकुट्ट ढगांकडे वळतो. घराभोवती येणारा पूर मात्र बहुतेक वेळा तसा नसतो. तो रात्रीतून एकेक पायरी चढतो, सकाळी अंगणात निमूट उभा असतो आणि ओसरताना भिंतीवर एक तपकिरी रेघ ठेवून जातो. पूर ‘आला’ हे एका चित्रात दाखवता येते, पण तो ‘वाढत चालला आहे’ हे एका चित्रात मावत नाही, कारण वाढ ही तुलनेतूनच कळते. त्यामुळे सुरुवातीपासूनच एका चित्राऐवजी एकाच जागेवरून काढलेल्या चित्रांच्या मालिकेचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

जागा निवडताना दृश्य किती देखणे आहे यापेक्षा पाणी भरलेले असतानाही तिथे सुरक्षितपणे बसता येईल का, हे आधी पाहावे. वरच्या मजल्याची खिडकी किंवा जिन्याचा वरचा टप्पा यासाठी उत्तम. वाहते पाणी अवघे १५ सेंटीमीटर खोल असले तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो, आणि साधारण ६० सेंटीमीटर पाण्यात मोटारीही वाहून जातात, म्हणून चांगल्या कोनासाठी पाण्यात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बसण्याची जागा आणि डोळ्यांची उंची दर वेळी तीच राहावी यासाठी खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. दृश्यात पायऱ्या, फाटक, दिव्याचा खांब अशा ठाऊक उंचीच्या दोन-तीन वस्तू असाव्यात, कारण पाण्याची खोली चित्रात दिसते ती त्यांचा किती भाग बुडाला यावरूनच. मालिकेतले पहिले चित्र कोरड्या दिवसांत काढावे, त्याच्या बाह्यरेषा ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्याव्यात आणि पुढच्या प्रत्येक चित्राची सुरुवात त्याच रेषांवरून करावी.

रेखाटताना ध्यानात ठेवण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट यथार्थदर्शनाची, म्हणजे जवळ-दूरच्या वस्तू डोळ्यांना दिसतात तशा कागदावर उतरवण्याची आहे. क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असते आणि पाण्याची पातळी तिच्या खाली. लांब जाणाऱ्या भिंतीला पाणी जिथे टेकते तिथली रेघ त्यामुळे तिरपी दिसते, जवळ खाली आणि दूर वर. पाणी जसजसे चढते तसतसे त्याचे डोळ्यांच्या पातळीपासूनचे अंतर कमी होते आणि ती तिरपी रेघ आडवी होऊ लागते. प्रतिबिंबाचेही असेच आहे. संथ पाण्यात वस्तूचा जेवढा भाग पाण्याबाहेर असतो तेवढाच उलटा दिसतो, म्हणून पाणी हातभर चढले की घर हातभर आखूड होते आणि त्याचे प्रतिबिंबही हातभर आखूड होते. या दोन गोष्टी नेमक्या उतरल्या तर मालिका ओळीने पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. त्यासाठी वेगळे नाट्य घालावे लागत नाही.

आल्फ्रेड सिस्ले या चित्रकाराने हे फार संयमाने केले आहे. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या पोर-मार्ली या गावी सीन नदीचा पूर त्याने १८७२ मध्ये रंगवला आणि १८७६ मध्ये, तो जवळच राहत असताना, पुन्हा रंगवला. दोन्ही वेळच्या चित्रांत पाण्यात उभी असलेली तीच इमारत भेटते. आभाळ, पाण्यावरचा उजेड, एखादी नाव असे सगळे शांत असते, आणि रस्त्याच्या जागी पाणी आहे एवढ्यावरच चित्र आपला परिणाम साधते. आरडाओरडा न करता आपत्ती कशी सांगावी, हे त्या चित्रांपासून शिकावे.

पाणी रंगवण्यापूर्वी निदान अर्धा तास ते नुसते पाहावे. गढूळ पाणी स्वच्छ पाण्यासारखे वागत नाही. स्वच्छ, खोल पाण्यावर झाडाची सावली जवळजवळ पडतच नाही. गढूळ पाण्यात तरंगणारे मातीचे कण उजेड परत फेकतात, त्यामुळे त्यावर सावली आणि प्रतिबिंब दोन्ही दिसतात आणि पुष्कळदा वेगवेगळ्या दिशांना असतात. दूरच्या पाण्याकडे आपण तिरप्या नजरेने पाहतो, तिथे आभाळ उमटते; खिडकीच्या अगदी खाली पाहिले की पाण्याचा स्वतःचा मातकट रंग दिसतो. म्हणून पाण्याचा पट वरून खाली करड्याकडून तपकिरीकडे न्यावा. रॉ अंबर (तपकिरी) आणि येलो ऑकर (पिवळी माती) यांत थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळला की हा रंग बराच जवळ येतो. निव्वळ निळा रंग कितीही मोहात पाडत असला तरी पुराच्या पाण्याला तो खोटा ठरतो.

जलरंग हे माध्यम या विषयासाठी मला सर्वांत योग्य वाटते, आणि त्यामागे एक खास कारण आहे. कागदावर रंगीत पाण्याचे थारोळे तसेच वाळू दिले तर त्याच्या कडेला गडद रेघ उमटते. कडेचे पाणी आधी उडून जाते, त्याची जागा घ्यायला मधले पाणी कडेकडे ओढले जाते आणि सोबत रंगाचे कण नेऊन तिथे सोडते. एरवी ही कडा चूक समजून पुसली जाते, पण भिंतीवरची पूररेषा रंगवताना तिचा मुद्दाम उपयोग करावा. सुमारे ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद फळीवर चिकटपट्टीने घट्ट बसवावा, भिंतीचा भाग कोरडा ठेवावा, पातळ मातकट रंग रेषेपर्यंत भरपूर सोडावा आणि फळी आडवी ठेवून हात न लावता वाळू द्यावा. वाळल्यावर वर एक बारीक गडद कडा राहते आणि तिच्या खाली फिकट, ढगाळ डाग.

ओसरलेल्या पुराचा गाळही रंग म्हणून वापरता येतो. पुराच्या पाण्यात सांडपाणी आणि रसायने मिसळलेली असतात, म्हणून कारखाने आणि गटारे यांच्या जवळचा गाळ घेऊ नये, हातमोजे घालावेत आणि कुटताना तोंडावर मास्क असावा. गाळ वाळवून कुटावा, पाण्यात ढवळून क्षणभर थांबावे, म्हणजे जड वाळू तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि ते पूर्ण निवळू द्यावे. तळाशी जमलेली मऊ माती वाळवून, खलून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटली की रंग तयार होतो. हा रंग किंचित खरखरीत असतो, कागदाच्या खळग्यांत बसतो आणि ओल्या मातीसारखाच दिसतो. पण याचा वापर चित्रभर न करता फक्त पूररेषेसाठी राखून ठेवावा, म्हणजे त्या रेषेचे वजन कायम राहते.

मालिकेत पाणी नसलेली चित्रेही हवीत. पूर वाढण्याची काही कारणे आभाळात असतात: तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि त्यातून पाऊस अधिक जोराने कोसळतो. काही कारणे मात्र आपल्या खिडकीतूनच दिसतात. बुजवलेला ओढा, काँक्रीट ओतून बंद केलेले अंगण, गाळाने उथळ झालेले नदीचे पात्र, कचऱ्याने तुंबलेली मोरी ही सर्व निसर्गचित्राचीच सामग्री आहे. स्वच्छ उन्हात, कोरड्या रस्त्यावरच्या मोरीचे तोंड पुराइतक्याच आस्थेने रंगवावे. मला तर या चित्रांशिवाय मालिका अपुरीच वाटते.

प्रत्येक चित्र पूर्ण झाल्यावर त्याच्या मागे पेन्सिलीने तारीख, वेळ, पाणी कितव्या पायरीला होते आणि गाळ कुठून घेतला ते लिहावे. सगळी चित्रे एकाच उंचीवर, क्षितिजरेषा एका ओळीत येतील अशी टांगावीत आणि शेजाऱ्यांना, विशेषतः तिथल्या जुन्या माणसांना दाखवावीत. कोणी म्हणेल की पाणी याहून एक पायरी वर होते, कोणी जुन्या एखाद्या पुराची खूण दाखवील. ही माहिती चित्राच्या दर्शनी बाजूला घालू नये. मागे, सांगणाऱ्याच्या शब्दांत, आपल्या नोंदीच्या खाली लिहून ठेवावी.