जुने टर्नटेबल बदलताना या चुका टाळा

अनेक वर्षे साथ दिलेले टर्नटेबल बाजूला ठेवून त्याच्या जागी उच्च दर्जाचे नवे यंत्र आणावे आणि पहिल्याच तबकडीचा आवाज कोरडा किंवा कर्कश लागावा, असे घडते तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्रात नसून जुळवणीत असतो. जुन्या यंत्राचे कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या कंपनांचे विद्युत संकेत करणारा भाग), टोनआर्म (कार्ट्रिज तबकडीवर धरणारा दांडा), फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारे मंडल) आणि स्पीकर हे दीर्घ वापरात एकमेकांशी जुळलेले असतात. त्यातला एक दुवा बदलला की उरलेले सगळे पुन्हा तपासावे लागतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे आवडते जुने कार्ट्रिज विचार न करता नव्या टोनआर्मवर बसवणे. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारे) आणि कार्ट्रिजच्या सुईची लवचिकता (सुई किती सहज हलते ते) यांतून एक अनुनाद, म्हणजे ही जोडी सर्वांत जास्त डुलते ती कंपनसंख्या, तयार होतो आणि तो साधारण 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान असावा लागतो. टोनआर्म, कार्ट्रिज व स्क्रू यांचे एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये घेऊन त्याला लवचिकतेच्या आकड्याने गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि 159 ला त्याने भागावे, म्हणजे हा अनुनाद कळतो. एकूण 22 ग्रॅम वस्तुमान आणि 30 लवचिकता असेल तर उत्तर सुमारे 6 हर्ट्झ येते, आणि वाकलेल्या तबकडीची हालचाल नेमकी त्याच्या आसपास असते. मग सुई डुलते, उडते आणि स्पीकरचे मोठे पडदे संगीत नसतानाही आतबाहेर होताना दिसतात. त्याच टोनआर्मवर 12 लवचिकतेचे कार्ट्रिज लावले तर अनुनाद जवळजवळ 10 हर्ट्झवर येतो. जपानी उत्पादक लवचिकता बहुधा 100 हर्ट्झवर मोजून देतात. 10 हर्ट्झवरचा आकडा त्याच्या दीडपट ते दुप्पट असतो, हे गणित करताना विसरू नये.

मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज पहिल्यांदाच घेणाऱ्यांची फसगत फोनो स्टेजमध्ये होते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, ज्यात सुईबरोबर चुंबक हलते, साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट देते, तर कमी आउटपुटचे मूव्हिंग कॉइल, ज्यात तारेचे वेटोळे हलते, बहुधा 0.2 ते 0.5 मिलिव्होल्टच देते. म्हणून पहिल्यासाठी पुरेसे असलेले 40 डेसिबलचे वर्धन दुसऱ्याला अपुरे पडते, तिथे 60 डेसिबलच्या आसपास लागते. आवाज खूप वाढवावा लागत असेल आणि संगीताबरोबर फुसफूसही वर येत असेल, तर आधी हीच सेटिंग पाहावी. उलट बास प्रमाणाबाहेर फुगला असेल आणि आवाज फाटत असेल, तर टर्नटेबलमधील अंतर्गत फोनो स्टेज चालू ठेवून ते पुन्हा ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला जोडले गेले असण्याची दाट शक्यता आहे. असे झाले की आरआयएए दुरुस्ती, म्हणजे ध्वनिमुद्रणात कमी केलेला बास आणि वाढवलेले उंच स्वर पूर्ववत करणे, दोनदा होते.

कार्ट्रिजचा खाचेशी असलेला कोन आणि सुईचे तबकडीवरचे वजन नजरेच्या अंदाजाने लावणे जुन्या शंक्वाकृती सुईला बरेचसे खपून जात असे. शिबाटा किंवा मायक्रोलाइन या बारीक धारेच्या आकारांच्या सुईला ते खपत नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने सरकते, तर शेवटच्या गाण्यापर्यंत हा वेग निम्म्याहूनही कमी होतो आणि तेवढ्याच माहितीसाठी जागा दाटीची होते. कोनातली चूक म्हणूनच शेवटच्या गाण्यांत ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येऊन उघडी पडते. कार्ट्रिज पुढेमागे सरकवले की टोनआर्मचा तोल बदलतो. त्यामुळे वजन दर वेळी पुन्हा मोजावे, आणि तेही काउंटरवेटवरच्या (टोनआर्मच्या मागच्या तोलवजनावरच्या) आकड्यांवर न विसंबता छोट्या डिजिटल काट्याने. तबकड्यांची काळजी म्हणून वजन शिफारशीपेक्षा कमी ठेवणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे की खाचेत आदळत जाणारी हलकी सुई नीट टेकलेल्या सुईपेक्षा अधिक इजा करते.

प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) समतल आहे ना, वाहतुकीसाठी घट्ट केलेले स्क्रू काढले ना आणि अर्थिंगची तार जोडली ना, हे ऐकायला बसण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

जुने यंत्र विकण्याची घाई मात्र करू नये. पुष्कळशी नवी उच्च श्रेणीची यंत्रे केवळ मिनिटाला 33⅓ आणि 45 फेऱ्या या वेगांची असतात. 78 च्या तबकड्यांना वेगळा वेग तर लागतोच, शिवाय साधारण 65 ते 75 मायक्रॉन त्रिज्येची जाड सुईही लागते. माझ्या मते जुन्या यंत्राला अशी सुई बसवून ते त्याच कामासाठी राखावे. शिवाय खरी तुलना करायची असेल तर दोन्ही यंत्रे हाताशी हवीत आणि दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणलेला हवा, कारण जे किंचित मोठ्याने वाजते ते कानाला उगाचच सरस वाटते.

एक बाजू क्षीण ऐकू येत असेल तर फोनो इनपुटवरच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करून पाहाव्यात. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो टर्नटेबलकडचा असतो, जागेवरच राहिला तर फोनो स्टेजपासून पुढचा. दोन्ही बाजू सारख्या वाजूनही बास हरवला असेल आणि गायकाचा आवाज मध्यभागी ठरत नसेल, तर कार्ट्रिजच्या मागच्या चार तारा तपासाव्यात: पांढरी व निळी डाव्या बाजूची, लाल व हिरवी उजव्या बाजूची, आणि त्यांपैकी पांढरी व लाल धन. एका जोडीतल्या दोन तारा उलट्या लागल्या असल्या, तरी एवढा फरक पडतो.