महाराष्ट्राचं डीजीपी व्हायचंय? आधी वयाचा हिशोब मांडा

राज्याच्या पोलीस दलातलं सगळ्यात वरचं पद म्हणजे पोलीस महासंचालक, ऑफिस कुलाब्याला. डीजी रँकला साधारण ३० वर्षं सर्व्हिस लागते आणि रिटायरमेंट ६० ला, त्यामुळे यूपीएससीला ओपनची वयोमर्यादा ३२ असली तरी तिशीच्या आत आयपीएस मिळालं नाही तर गणित बसतच नाही. एमपीएससीतून डीवायएसपी होणं मानाचंच आहे, पुढे प्रमोशनने आयपीएसही मिळतं, पण तोवर इतकी वर्षं गेलेली असतात की ही खुर्ची जवळपास अशक्य. म्हणून ग्रॅज्युएशन चालू असतानाच तयारीला लागा.

सिलेक्शन झालं की ट्रेनिंगला आधी मसुरी, मग हैदराबादची पोलीस अकादमी. महाराष्ट्र केडर (म्हणजे नोकरीसाठी ठरवून दिलेलं राज्य) मिळेलच असं धरून चालू नका, होम केडरच्या जागा मोजक्याच असतात, बिहार मिळालं तर मराठी पोरगी बिहारचीच डीजीपी होणार, घरी हे आधीच बोलून ठेवा.

ट्रेनिंगमध्ये काही महिने पोलीस स्टेशन सांभाळायला मिळतं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा काळ हाच. जुन्या हवालदाराशेजारी बसून पंचनामा कसा लिहितात ते बघा, कारण पंचनाम्यात वेळ एक आणि स्टेशन डायरीत दुसरी असली की बचावाचा वकील नेमकं तेच धरतो आणि मेहनतीने पकडलेला आरोपी सुटतो.

मग एसपी, डीआयजी, आयजी असं वर चढत जायचं. मिळेल ती पोस्टिंग मनापासून करा. उदाहरण बघा, आयपीएस अधिकारी सदानंद दाते १९९० च्या बॅचचे, २६/११ ला कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेक्यांशी लढताना ग्रेनेडने जखमी झाले, पुढे मीरा-भाईंदर वसई-विरारचे पहिले पोलीस आयुक्त, एटीएस म्हणजे दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख आणि २०२४ मध्ये एनआयए म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे महासंचालक.

शेवटचा टप्पा पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह केसमधल्या २००६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर चालतो, म्हणजे यूपीएससी तीन जणांचं पॅनल काढते, त्यातून सरकार एक निवडतं आणि टर्म किमान दोन वर्षांची. तरी खुर्ची हलू शकते. रश्मी शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला डीजीपी झाल्या, त्याच वर्षी विधानसभेच्या वेळी निवडणूक आयोगाने त्यांना हटवलं, निवडणूक संपल्यावर त्या परत आल्या. पॅनलसाठी सर्व्हिस रेकॉर्ड बघतात, त्यामुळे पहिल्या पोस्टिंगपासून दरवर्षीचा गोपनीय अहवाल वेळेत भरा, आणि वरिष्ठांचा शेरा चुकीचा वाटला तर मुदतीतच लेखी म्हणणं द्या.